दिवाणजींच्या पिंजऱ्याचा पडदा

"बादली आण! आणि आवाज केलास तर तुलाच पिंजऱ्यात कोंबीन!" ताई कुजबुजली.

चिंगीने बादली आणली. आवाज झालाच. दारात पहारा देणाऱ्या प्रोफेसरने कपाळाला हात लावला. त्याला चष्मा होता, म्हणून ही पदवी. बाकी तो सातवीत होता.

सुट्टीत मावशीकडे आलेल्या या तिघांवर पिंजरा पळवायची वेळ आली होती. मावशीच्या तीन बजींपैकी, म्हणजे चिमुकल्या पोपटांपैकी, फौजदार सकाळीच मेला. दिवाणजी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसले होते. म्हातारे सरकार तेवढे ठणठणीत. "संसर्ग असू शकतो, नसूही शकतो," पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तपासणीतून स्पष्ट होत नाहीये."

तो संसर्ग माणसांनाही होतो, आणि आजोबांची छाती आधीच अधू. काकांनी निकाल दिला : संध्याकाळी दोन्ही पक्ष्यांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. डॉक्टरांना खात्री नसली की काकांना ती लगेच येई.

"डॉक्टरीणबाईंना म्हणायचं, पुन्हा एकदा तपासा," ताई हातमोजे चढवत म्हणाली. "तोवर इथे पडद्याखाली उलटी बादली!"

"काकांना कळलं तर?"

"ते तोंडाला रुमाल बांधून लांबून बघतात. त्यांना बादलीसुद्धा आजारी वाटेल!"

मावशीचा धंदा पडदे शिवायचा. अंगणापलीकडच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर खडखडे. पिंजऱ्यालाही तिने नुकताच झालरीचा पडदा शिवला होता. ताईने तो ओढून बादलीवर टाकला.

टण्!

तिघंही जागीच थिजली.

"कापड कधी टण् वाजतं का?" चिंगीने विचारलं.

प्रोफेसरने पडद्याचा काठ चाचपला. दुमडीत काहीतरी टणक होतं. एका बाजूला काठ कुरतडलेला, आणि तिथून करडे मणी डोकावत होते. एकावर चोचीचे ओरखडे.

"शिसं!" तो पुटपुटला. "पडदा सरळ पडावा म्हणून मावशी काठात भरते ते! पोटात गेलं की विषच!"

"पण मग सरकार कसे बरे?"

"त्यांची चोच बघ ना, वाकडी! त्यांना कुरतडता कुठे येतं? मऊ भात खातात बिचारे. साथ असती तर म्हातारा आधी पडला असता!"

बादली तशीच उघडी राहिली. मांडीवर पिंजरा आणि पिशवीत पडदा घेऊन तिघं रिक्षात बसली.

डॉक्टरीणबाईंनी मणी पाहिला, आणि लगेच दिवाणजींचा एक्स-रे काढला. पोटात पांढरे ठिपके चमकत होते.

"घरात काही नवीन आणलंत का, असं मी विचारलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मावशी नाही म्हणाल्या."

"शिवलेल्याला ती आणलेलं म्हणत नाही," ताई म्हणाली.

तेवढ्यात काका येऊन धडकले, रुमालासकट. "कोण म्हणतं साथ नाही?"

"मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक्स-रे आधीच काढायला हवा होता. चुकलं माझं."

काकांनी रुमाल सोडला, घडी केली आणि खिशात ठेवला. त्या कामाला त्यांनी बराच वेळ लावला.

घरी आजोबांनी तिघांची पाठ थोपटली. "शाबास! मोठ्यांपेक्षा तुमचीच डोकी चालली!" काकांनीही छोटंसं भाषण केलं, त्यात 'मला शंका होतीच' हे वाक्य दोनदा आलं. कोणी हसलं नाही.

मावशी मात्र कोपऱ्यात बसून पडद्याचा काठ उसवत होती. एकेक मणी वाटीत पडत होता. "माझ्या हातानं," ती एवढंच म्हणाली.

"दिवाणजी वाचतील ना?" चिंगीने विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही, गं."

"मग आपण काय करायचं?"

"औषधाची वेळ झाली की औषध द्यायचं." मावशीने डोळे पुसले. "चल, धर त्याला. हलक्या हातानं."

चिंगीने धरलं. मावशीने थेंब पाजला. दिवाणजींनी तो अर्धा गिळला, अर्धा तिच्या बोटावर उडवला.

मग मावशीने मणी नसलेला पडदा पिंजऱ्यावर टाकला. तो वाकडातिकडा, एका बाजूला वर चढलेला पडला. उभ्या आयुष्यात तिने असा पडदा कुणाला दिला नव्हता.

तिने तो तसाच राहू दिला.