सात सिनेमे, एक पाकळी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, छत्र्या तिकडे कोपऱ्यात ठेवा. बाहेर श्रावणाची सर आहे, ती काही आपल्याला इतक्यात सोडत नाही. तोवर एक गोष्ट ऐकवायची आहे. प्रेमाची आहे, पण तिची सुरुवात होते एका मगरीपासून.

इब्रामपूरच्या विमलाकाकींच्या घराचं दार त्या शनिवारी अर्धवट उघडं होतं. पेडण्याच्या वाचनालयात काम करणारी सिद्धी भिजत भिजत बसमधून उतरली, पायरी चढली, "काकी, आहात का?" म्हणत दार ढकललं, आणि समोर मगर! हातभर जबडा, पांढरे दात, आणि वर फुसफुसतेय! सिद्धीने किंचाळत मिटलेली छत्री तिच्या नाकाडावर हाणली.

"आई गं!" मगर म्हणाली.

म्हणजे मगरीच्या मागून एक तरुण उभा राहिला. हातात सायकलचा पंप, केसांना कोळ्याची जाळी लागलेली.

"मेली बिचारी," तो म्हणाला. "अहो, सिनेमात हिरोनेसुद्धा हिला एवढ्या जोरात मारलं नव्हतं."

"मी... मला वाटलं..."

"खरी वाटली?" त्याचे डोळे चमकले. "मग एवढंच काकींना सांगा. पस्तीस वर्षांत ही कुणाला खरी वाटलेली नाही!"

ट्रकच्या टायरची ट्यूब, वर हिरवा रंग, आणि पोटाखाली हवा भरायचं तोंड स्पष्ट दिसणारं. अशी ती मगर होती. सिद्धीला हसू फुटलं ते आवरेना. तो रुद्रेश. मूळचा सुर्ल्याचा, बाप खाणीवर ट्रक चालवायचा, आणि हा डिचोलीत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून द्यायच्या म्हणून काकींनी त्याला बोलावलं होतं.

आता या कॅसेटी कुणाच्या, ते सांगायला हवं. विमलाकाकींचे यजमान कृष्णनाथ. माणूस ट्रकमालक, पण डोक्यात सिनेमाचं वारं. आयुष्यात त्यांनी सात सिनेमे काढले. भुतांचे, नागिणींचे, पाताळाचे. भुताच्या मनगटावर घड्याळ असायचं. नायिका लाल साडीत दाराबाहेर पडायची आणि हिरव्या साडीत अंगणात उतरायची. लोकांनी रडावं म्हणून ते जीव तोडून करायचे आणि मांडवात हसून हसून लोकांची पोटं दुखायची. कृष्णनाथ गेले, आणि नंतर कुणीतरी त्या सिनेमांचे तुकडे मोबाईलवर टाकले. मग काय! पोरं मगरीचं चित्र असलेले सदरे घालून फिरू लागली. वाचनालयाने त्यांच्या जयंतीला एक पुस्तिका काढायचं ठरवलं आणि सिद्धीला सांगितलं, "पहिला ते सातवा असा क्रम लाव. क्रम नसला तर आजकाल कुणी पान उलटत नाही."

कॅसेटी घराबाहेर जाणार नाहीत, ही काकींची अट. आणि दुसरी अट त्यांनी त्याच दिवशी घातली.

"एकट्याचो निवाडो नको गो बाय. ह्यो रुद्रेश लहानपणापासून हेच बघीत इलो. दोगांनी मिळान काय ता ठरवा."

असे ते शनिवार सुरू झाले. दुपारी दोनच्या बसने सिद्धी यायची. रुद्रेशची मोटारसायकल आधीच अंगणात असायची, चाकांना सुर्ल्याची तांबडी माती. काकी चहा ठेवायच्या, मधे उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, बशी, आणि पडद्यावर कृष्णनाथांचं जग.

सिद्धीचे वडील कीर्तनकार. त्यांच्या मागे पेटी धरून ती मोठी झालेली. त्यामुळे तिचा न्याय कीर्तनाचा.

"याला पूर्वरंगच नाही," ती वही आपटायची. "नायक कोण, त्याचं दुःख काय, काही कळायच्या आत सांगाडा नाचायला लागला. आणि उत्तररंग? नायक मेला आणि लगेच समाप्त!"

"मेला कुठे? संध्याकाळ झाली म्हणून गेला. पाचची बस होती त्याची."

"रुद्रेश!"

"देवाशपथ. काकींना विचारा."

"व्हय गो," आतून काकी. "तेका सावंतवाडेक जावचा होता."

'मगरीची मंगळागौर' सातवा आला. ('बिचारीला तुम्ही मारलंत, वर शेवटचा नंबर!' 'तिच्यावर दया दाखवून क्रम लावायचा का?') 'सासूचा सांगाडा' सहावा. 'नागीण शिवणकाम शिकते' पाचवा की चौथा यावर तासभर भांडण. भांडता भांडता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. म्हणजे सिद्धीला कळलं होतं. कॅसेट अडकली होती, तो वाकून यंत्राचं हेड मऊ फडक्याने पुसत होता आणि न बघता म्हणाला, "जरा बॅटरी धर ना तू..." तिने बॅटरी धरली. तो यंत्राकडे बघायचा सोडून तिच्या हाताकडे बघू लागला, आणि मग... दोघंही एकदम काकींच्या मांजराबद्दल बोलू लागली.

पण घोळ पुढेच आहे. सिनेमे सात, शनिवार सात. पाचव्या शनिवारी पेडण्याला परतताना सिद्धीने बसच्या खिडकीवर बोटाने उरलेले शनिवार मोजले. दोनच. यादी पूर्ण झाली की इब्रामपूरला यायचं कारणच संपलं. सुर्ला कुठे, पेडणं कुठे! मग कुठल्या तोंडाने भेटायचं?

तेव्हापासून तिचं चित्त ठिकाणावर राहिना. कीर्तनात पेटीवर भलताच सूर लागला, वडिलांनी मान वळवून बघितलं. वाचनालयात एकाला मागितलेलं पुस्तक सोडून पाककृतींचं दिलं. आणि सहाव्या शनिवारी ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मला वाटतं, चौथा तिसरा करायला हवा. तो पुन्हा बघावा लागेल."

"हो हो," रुद्रेश झटकन म्हणाला. "पुन्हा बघायलाच हवा. खरं तर दोन्ही."

इतक्या झटकन? तिला वाटलं, हाही...? की नुसताच सिनेमावेडा? रात्रभर... नको, तिच्या रात्रीचं काय सांगायचं. तिला झोप नव्हती एवढंच.

असं करत सातचे नऊ शनिवार झाले. वाचनालयातून निरोप आला, सोमवारी पुस्तिका छापायला जाणार म्हणजे जाणार. आणि त्याच नवव्या शनिवारी रुद्रेश चहाच्या पेल्यात बघत म्हणाला,

"मला बोटीवर नोकरी लागलीये. प्रवासी बोट आहे. तिथल्या नाटकघरात आवाज-उजेडाचं काम. एकोणतीसला निघायचंय. नऊ महिने."

काकी म्हणाल्या, "बरां झाला रे!" सिद्धीकडून पेला खाली ठेवताना जरा जोरात ठेवला गेला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "मग आजच संपवून टाकू. पहिला नंबर 'रक्ताळलेली रांगोळी'."

"पहिला 'पाताळातला पोस्टमन'. आपलं ठरलं होतं."

"काही ठरलं नव्हतं."

"अगं, त्यात आमच्या सुर्ल्याच्या खाणीचं पाताळ केलंय! पोस्टमन यमाच्या दारात उभा राहून सही मागतो! यापेक्षा भारी काय असेल?"

"तो पोस्टमन परत येतच नाही. पत्र देतो आणि तिथेच राहतो. मागे घरी कुणी वाट बघतंय, त्याला पत्ताच नाही! असल्या माणसाला मी पहिला नंबर देणार नाही."

काकींनी आजवर त्यांची खूप भांडणं ऐकली होती, पण त्यांत हसू असायचं. आज नव्हतं. त्यांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"तुमचा जमना नाय तर उद्या सकाळी सातेरीकडे चला," त्या म्हणाल्या. "देवीचो कौल घेवया. ती सांगात तो पयलो."

आमच्याकडे लग्नाला, विहिरीला, परदेशी जायला देवीचा कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंनी ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा; उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण सिनेमाचा नंबर? बाबली गुरव आधी हसला, मग काकींचा चेहरा बघून गंभीर झाला. सोवळं नेसला, पाकळ्या भिजवल्या, देवीच्या दोन्ही खांद्यांवर अलगद लावल्या, आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बाये सातेरी! आमच्या कृष्णनाथान सात सिनेमे काढले. ह्या दोन लेकरांचा पयल्या नंबरावरसून जमना नाय. पाताळातल्या पोस्टमनाक पयलो नंबर देवचो आसात, तर उजवी दी गे आवय!"

"व्हय म्हाराजा!" काकी म्हणाल्या.

सिद्धीने डोळे मिटले. रांगोळी जिंकायची असेल तर डावी पडायला हवी होती. पण तिच्या ओठांवर तो प्रश्न आलाच नाही. आई, तिने मनात म्हटलं, ह्याच्या मनात मी आहे का? असेन तर उजवी दे... विचारलं गेलं आणि मग घाबरली. हे काय केलं आपण!

पाकळ्या हलेनात. समईची ज्योत हलली, बाहेर पागोळ्या गळत होत्या, कुठेतरी एक माशी. सिद्धीला पायांच्या नखांपर्यंत अस्वस्थ वाटत होतं. डावी जरा सरकली. आणि उजवी... सरळ, टपकन, देवीच्या पायांशी.

"पोस्टमन पयलो!" बाबली गुरवाने जाहीर केलं.

ती हसली. आवरलंच नाही. तोंडभर हसली.

देवळाच्या पायऱ्यांवर रुद्रेशने तिला गाठलं. "सिद्धी, थांब. तू हरलीस."

"हो."

"मग हसलीस का?"

"तू जिंकलास, मग तुझं तोंड का उतरलंय?"

पाऊस पडत होता. छत्री एकच होती, तीही मगरीला मारून वाकडी झालेली. तो छत्रीखाली आला तसा त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला, आणि कुणीच बाजूला झालं नाही.

"मी पाप केलंय, रुद्रेश," ती एकदम म्हणाली. "गुरवकाकांनी एक विचारलं, आणि मी... मी मनात दुसरंच विचारलं. देवीने मला उत्तर दिलं आणि लोक ते पोस्टमनचं समजले. उद्या तेच छापायला जाईल. खोटं ठरेल ना ते?"

"काय विचारलंस?"

"नाही सांगणार."

"बरं, मग मी सांगतो." त्याने घसा खाकरला. "मीही पोस्टमनचं नाही विचारलं. मी म्हटलं, आई, हिला विचारायची मला हिंमत नाही. नऊ शनिवार झाले. विचारावं, असं तुझं म्हणणं असेल तर उजवी दे. आणि पडली ना ती! आता विचारायलाच हवं, म्हणून तोंड उतरलं."

छत्रीवर पाऊस वाजत होता.

"मग विचार," ती हळूच म्हणाली.

"नऊ महिन्यांनी परत येणारा माणूस... चालेल तुला?"

"परत येणारा चालेल. पाताळात राहणारा नाही."

"पुढच्या रविवारी आई-बाबांना पेडण्याला पाठवतो. तुझे बाबा कीर्तनातून हाकलणार नाहीत ना?"

"आधी तुला अभंग म्हणायला लावतील."

"मेलो!"

दोघंही हसू लागली. पण सिद्धीच्या मनातलं ओझं पुरतं उतरलं नव्हतं. देवीच्या दारात खोटं वागल्यासारखं तिला वाटतच होतं. "चल," ती म्हणाली, "आत जाऊन खरं सांगू."

त्यांनी सांगितलं. मान खाली घालून, एकमेकांची वाक्यं पुरी करत. बाबली गुरव सोवळ्याचा पदर तोंडावर धरून हसला.

"म्हणजे देवीन तीन प्रश्नांक एकाच पाकळीन उत्तर दिला! मगे? तिका काय एकच कान आसा? मी मोठ्यान सांगलंय ता माझा खरां, तुमी मनात सांगलात ता तुमचा खरां."

"तीन नाय रे बाबली," विमलाकाकी म्हणाल्या.

त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. डोळे ओले होते, पण चेहरा शांत.

"मीया पण आपलाच विचारला. मी काय म्हटलां... बाये, लोक माझ्या घोवाक हसतत. ता माका ठावक आसा. तेणी जीव लावन केला, आनी लोक हसले. तो मरासर ह्याच विचारी, 'विमले, एक तरी रडलो गो?' मी म्हणा, व्हय, मागच्या रांगेत एक बायलमाणूस रडा होता. फट होता ता, खोटां. तर मी देवीक म्हटलां, हसतत ते हसांदे. पण हसान झाल्यार तेची आठवण काढतत काय? काढतत तर उजवी दी."

मग सिद्धी काकींच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला, आणि तिला रडू आलं. रुद्रेशने तोंड फिरवून देवीकडे बघितलं.

"बघ," काकी ओल्या डोळ्यांनी हसल्या, "रडला गो एक!"

सोमवारी पुस्तिका गेली. पहिला नंबर पाताळातल्या पोस्टमनाला. एकोणतीसला रुद्रेश गेला, आणि पेडण्याच्या वाचनालयातल्या एका मुलीचं लक्ष अजूनही पुस्तकात नसतं. अस्वस्थ आहे बिचारी, पण वेगळ्या तऱ्हेने. लग्नाचा मुहूर्त वैशाखातला ठरलाय.

आता उठा, सर थांबली. जाता जाता एवढं मात्र करा. मोबाईलवर कधी ती ट्यूबची मगर दिसली, घड्याळ घातलेलं भूत दिसलं, तर पोट धरून खुशाल हसा. आणि हसून झालं की घटकाभर थांबून इब्रामपूरच्या कृष्णनाथाची आठवण काढा. त्याच्या बायकोने देवीकडे मागितलंय ते.