रांग सोडलेला आयकॉन

पडाव भागात, स्टेशनच्या बाजूला मंदाताईंचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा जानेवारीचं धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या हॉटेलची पाटीही दिसत नव्हती. ऑफिसातला कंप्यूटर उघडला आणि मी कपाळावर हात मारला. डेस्कटॉप नुसता बुजून गेलेला. जुनी बिलं, कुणाच्या मुंजीचे फोटो, एकाच फाइलीच्या चार-चार कॉप्या आणि त्या गर्दीत विखुरलेले गाड्यांचे शॉर्टकट. शॉर्टकट उघडला की ती गाडी नकाशावर कुठं आहे ते दिसायचं. पण आधी तो सापडायला हवा!

"गरिमा, हे तूच लावून टाक," मंदाताई म्हणाल्या. "मला तर बघूनच घबराहट होते."

पसाऱ्याची मला चीड आहे. दुपारभर बसून फोटो आणि बिलं फोल्डरांत कोंबली. डाव्या कडेला गाड्यांचे शॉर्टकट एकाखाली एक लावले आणि आयकॉन आपोआप रांगेत राहतील अशी सेटिंग चालू केली. उरलेला निळा पडदा मोकळा.

"वा! ताटाची डावी बाजू नीट वाढलीस," मंदाताई खूश झाल्या.

काही दिवसांनी सकाळी पाहिलं, तर इनोव्हाचा आयकॉन रांग सोडून पडद्याच्या मधोमध उभा होता. मंदाताईंचा हात लागला असेल, असं समजून मी तो परत लावला. दुपारी झाशी रोडवर इनोव्हाचं टायर फुटलं. तो योगायोग होता. पुढच्या आठवड्यात टेम्पो ट्रॅव्हलर मधोमध आली, आणि संध्याकाळी तिचं इंजिन बसलं. तोही योगायोगच, असं मी स्वतःला बजावलं. पासवर्ड बदलला. मग एक आयकॉन मुद्दाम ओढून मध्ये सोडून बघितला. तो लगेच रांगेत परत गेला. तिथं तो ठेवताच येत नव्हता.

मंदाताईंना सांगितलं, तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

त्यानंतरच्या रविवारी बिर्ला नगरातून एक वऱ्हाड आमच्या मोठ्या बसने शिवपुरीला निघालं. बस चालवायला दौलतसिंहकाका, आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. सकाळचं धुकं ओसरत आलं होतं. मी दोन्ही हातांत चहाचा ग्लास धरून स्क्रीनसमोर बसले होते. मंदाताई शेजारी स्वेटरची बटणं लावत होत्या.

बसचा आयकॉन हलला.

आधी थोडा. मग सरकत सरकत, कुणी सावकाश ओढून न्यावा तसा, मधोमध येऊन थांबला.

मंदाताईंची बोटं बटणावरच राहिली. "तू केलंस?"

माझे दोन्ही हात ग्लासावर होते.

मी काकांना फोन लावला. नकाशावर बस पनिहारच्या अलीकडच्या चढावर होती, पुढे घाटाचा उतार.

"काका, गाडी थांबवा."

"का बेटा? गाडी एकदम मस्त चालतेय."

"थांबवा, काका. कारण विचारू नका."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भैया, मुहूर्त निकल जाएगा!"

काका घुटमळले. "बीच रस्त्यात थांबवली तर वऱ्हाडी मला खाऊन टाकतील."

मंदाताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांचा आवाज जराही कापला नाही. "दौलतसिंह, मी सांगते आहे. गाडी बाजूला घ्या आणि सगळ्यांना उतरवा. बोलणी मी खाईन."

फोन स्पीकरवर चालूच राहिला. गिअर बदलल्याचा आवाज आला. बायकांची कुरकुर. एक लहान मूल रडत होतं.

मग काकांचा आवाज.

"ताई... ब्रेक लागत नाहीये."

आम्ही दोघी खुर्चीतून उठलो.

"चढ आहे म्हणून गाडी हळू आहे... थांबा... थांबा..."

खरखर. दगडांवर काहीतरी घासलं.

"थांबली! ताई, थांबली! सगळे सहीसलामत!"

मंदाताई खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता रडल्या. मी दुसरी बस पिटाळली. मुहूर्तही साधला. परतताना सगळी वरात ढोलासकट पडावला आली. नवरदेवाच्या आजीने माझ्या तोंडात तिळाची गजक कोंबली, आणि बसमधून मुहूर्तासाठी ओरडणाऱ्या त्याच्या मामाने दौलतसिंहकाकांना खांद्यावर घेतलं. समोरच्या हॉटेलातले लोकसुद्धा नाचायला उतरले. भर रस्त्यात मंदाताईंनी फुगडी घातली. इतका आनंद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शटर मीच उघडलं. लोखंड बोटांना चावत होतं. आतली खुर्ची, टेबल, काच, सगळं बर्फासारखं गार.

कंप्यूटर सुरू करायच्या आधी मी सवयीने माऊसवर हात ठेवला.

तळहात टेकतो तेवढ्याच जागी तो कोमट होता.