रेंजची पायरी

विद्यापीठात पुराचं पाणी शिरलं आणि पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग मोबाइलमध्ये येऊन बसला. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. ओळख म्हणजे नुसते हजेरीचे क्रमांक. त्यात शिंपीणबाईंच्या घरात रेंजचा टिपूस नाही. त्याच वर्गात शिकणाऱ्या त्यांच्या लेकीला रेंज मिळायची ती जिन्याच्या वळणावर, खिडकीखालच्या एकाच पायरीवर. आणि त्या सकाळी त्या पायरीवर... तो बसलेला!

तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या घड्याळवाल्यांचा मुलगा. तिला पाहताच धडपडत उठला.

"बसा ना तुम्ही."

"आणि तुम्ही?"

"मी... मी खाली बसतो."

चार पायऱ्या खाली! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तिथे तर रेंज नाही; मग हा मोबाइल धरून करतो काय? मधूनच हात उंचावायचा, मोबाइल तिच्याकडे वळवायचा... तिने पाहिलं, की मान खाली.

संशय हा पाहुणा मोठा चिवट. पाणी विचारलं नाही, तरी जेवल्याशिवाय उठत नाही! त्यात आईने बजावलेलंच होतं, "जिन्यात पोरं घुटमळायला लागली, की तुझा वर्ग बंद." शिकणं सुटायची भीती... आणि त्याचे डोळे असे, की सज्जन म्हणावं तरी पंचाईत, लबाड म्हणावं तरी पंचाईत.

तिचा इअरफोन तुटलेला, त्यामुळे सरांचा आवाज जिनाभर घुमायचा. "सत्तावीस?" शांतता. "गैरहजर!" रोजचंच. 'आहे तरी कोण हा आळशांचा राजा,' ती मनात म्हणे.

एके दिवशी सर कडाडले, "सत्तावीस आजही गैरहजर असेल, तर परीक्षेला बसू देणार नाही!"

खालून मोबाइल झटकन तिच्या दिशेने उंचावला. आता मात्र हद्द झाली! ती तरातरा खाली उतरली.

"माझा व्हिडिओ काढताय?"

"छे हो! देवाशपथ—"

"बघू इकडे!" तिने मोबाइल हिसकावला. पडद्यावर एक चक्र गरगरत होतं. 'पुन्हा जोडत आहे...' आणि खाली— क्रमांक सत्तावीस.

"तुम्ही?... मग पायरी का सोडलीत?"

"तिथे एकच जण मावतो. शिवाय तुमच्या मोबाइलवरून मला सर ऐकू येतात."

"एवढंच?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही प्रश्न विचारता ना... तेही."

"सत्तावीस? शेवटचं विचारतोय!"

तिने त्याचा हात धरून त्याला वर ओढलं, भिंतीला चिकटून जागा केली. खांद्याला खांदा. पायरीवर ठेवलेल्या आपल्या मोबाइलचा कॅमेरा चालू केला.

"सर, सत्तावीस हजर आहे. रोजच असतो. माझ्या मोबाइलवरून ऐकतो."

मुक्या चौकटींतून एकदम हशा उसळला. सरही खोकले. "बरं... हजर!"

तेवढ्यात वरच्या दारात गळ्यात टेप अडकवलेली आई. तिची नजर त्याला डोक्यापासून पायापर्यंत मापत गेली.

"हा कोण गं?"

"माझ्या वर्गातला. जागा नव्हती म्हणून खाली बसायचा."

"हं," आई म्हणाली. "मी दार उघडं ठेवतेय. शिलाई करतानाही मला सगळं दिसतं."

तो सवयीने उठायला लागला. चार पायऱ्या खाली जाण्यासाठी. तिने हळूच त्याची बाही धरली.

"बस रे," ती म्हणाली. "आता कुठे चाललास?"