पूर्वरूप

दरडीखाली गेलेल्या गावात आता कुणी खणत नसे. खणलं की उरलेला डोंगरही खाली येई, म्हणून कायद्यानेच मनाई होती. आपल्या माणसाचं शेवटचं दर्शन पडद्यावर घ्यायचं. त्याला सगळे ‘भूदर्शन’ म्हणत.

शर्वाणीला पडद्यावर वडील दिसले. नाना उजव्या कुशीवर, हात गालाखाली घेऊन निजले होते. दोन वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं.

“हेच आहेत. क्रियाकर्म उरकून घेते मी. सही कुठे करू?”

भूदर्शनाचं यंत्र चालवणारे डॉ. उपासनी पेन पुढे करीनात. “आधी एक सांगायला हवं. काल ह्याच जागी तुमच्या शेजारच्या गोदाकाकूंना त्यांचे यजमान दिसले.”

“एकाच जागी दोघं?”

“पाण्यात दगड पडला की तरंग उठतात ना? आम्ही नुसते तरंग पाहतो आणि दगड कसा असेल, ते उलट्या गणिताने काढतो. जमिनीत रेडिओलहरी सोडायच्या, आतल्या वस्तूवर आपटून विखुरलेल्या लहरी वर टिपायच्या. पण वेगळाले दगडही सारखेच तरंग उठवू शकतात. म्हणून काय शोधायचं ते यंत्राला आधी सांगावं लागतं. ते पूर्वरूप. तुम्ही नानांची उंची दिलीत, एक्स-रे दिलेत, झोपायची सवय सांगितलीत.”

“आणि काहीच सांगितलं नाही तर?”

त्यांनी कळ दाबली. नाना विरघळले. उरला एक लांबट, करडा डाग.

“फणसाचं खोडही असू शकेल,” उपासनी हळूच म्हणाले.

“काकूंना सांगितलंत हे?”

“धीर नाही झाला. काल घरी जाऊन पोटभर जेवल्या म्हणे.”

शर्वाणीने डागाकडे बोट केलं. “आता माझी मापं घाला.”

“भलतंच काय, ताई!”

“घाला हो.”

डाग थरथरला, आखूड झाला, आणि मातीखाली ती स्वतः दिसली. हात गालाखाली. निजायची ढब तिने नानांचीच उचलली होती.

ती बाहेर आली. पायरीवर गोदाकाकू बसल्या होत्या.

“दिसले का गं नाना? आमचे हे काल फार एकटे वाटले बघ. आसपास चिटपाखरू नाही.”

शर्वाणी त्यांच्याजवळ टेकली. “नाना आहेत ना काकू. अगदी शेजारी.”

“मग बरं झालं बाई! ह्यांना भांडायला माणूस लागतंच.” काकू डोळे पुसत उठल्या आणि दाराकडे वळल्या. “थांब, डॉक्टरांना सांगते, दोघांना एकदम दाखवा म्हणून.”

शर्वाणीने त्यांना अडवलं नाही. दोघांचं पूर्वरूप दिलं की दोघंही दिसणार होते.