भोंग्याची वायर

दयानंद माझ्या साडूचा मुलगा. नांदेडला राहतो, व्यापाऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो पोरांनो, माझ्या पदरचं यात काही नाही. मागल्या आषाढ अमावस्येची रात्र. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, उपासाला केळी लागणार, म्हणून अर्धापूरचे व्यापारी नुसते धावपळीत. त्यातल्या हणमंतरावाचा फोन आला, "मशीनमधी जरा काम हाय, येऊन जा." दयानंद जेवून साडेनऊला गाडीवर निघाला.

हणमंतरावाकडं रायपनिंग चेंबर होतं. म्हणजे कच्ची केळी कोंडून गॅसवर पिकवायची खोली. आत कुणी अडकलंच तर दाबायला एक बटण. दाबलं की बाहेर भोंगा वाजायचा आणि कॉम्प्युटरवर त्या रात्रीच्या फायलीत वेळेसकट एक ओळ पडायची. दयानंदानंच ते बसवून दिलं होतं.

दोन रात्रींपूर्वी त्या खोलीत मलप्पा नावाचा हमाल मेला होता. आतली मूठ तुटलेली, बाहेरून दार लोटलं गेलं, आणि सकाळी उघडलं तर हा खाली पडलेला. दोन्ही हात केळीच्या चिकानं काळे. हमालांचे असतातच, तो डाग काही केल्या निघत नाही.

फाटकापाशी त्याची बायको शिवगंगा बसली होती. दयानंदाला पाहून उठली.

"सायेब, माजा माणूस झोपेतच गेला म्हंत्यात. त्येला तरास न्हाई झाला ना वो?"

"न्हाई ताई. झोपेतच," दयानंद म्हणाला. त्याला तरी काय ठाऊक होतं!

आत हणमंतराव गटारी साजरी करत होता. चेंबरच्या दाराला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्याशेजारी मटणाचं पातेलं. दाराखालून सडक्या केळ्यांचं तपकिरी पाणी झिरपत होतं, वर चिलटं. फिनेल, रस्सा आणि तो गोडसर कुजका वास एकत्र दयानंदाच्या नाकात शिरला. हा बाबा मात्र नळी चोखत होता.

"परवा रात्रीच्या फाईलचं नाव बदल," ओशट बोट स्क्रीनवर टेकवत तो म्हणाला. "मागच्या महिन्यात टेस्टिंग केली की न्हाई, त्यातली म्हणून ढकल. सकाळी पोलीस यायलेत."

"भोंगा न्हाई वाजला का त्या रात्री?"

"वायर काढली होती. सारखी झोपमोड व्हायली." एवढं बोलून हाड ताटात टाकलं आणि दुसरं उचललं.

अशी माणसं जेवू शकतात, याचंच मला नवल वाटतं. पण आमचा हिरो तरी उठून आला का? नाही. धरलेलं काम जाईल म्हणून त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. आधी ओळी लिहिणारा प्रोग्राम बंद केला. मग 'एमव्ही' लिहायचं, पुढं जुनं नाव, पुढं नवं नाव. झालं काम. नाव बदललं की आतलं काही गळलं नाही ना, हे बघायला ओळी मोजायची त्याची सवय. त्याला 'डब्ल्यूसी' लिहायचं, की आकडा येतो.

आकडा आला. दोनशे अकरा.

पहिली ओळ रात्री अकराची. शेवटची पहाटे चारची. मलप्पा झोपला नव्हता... दोनशे अकरा वेळा त्यानं बटण दाबलं होतं.

दयानंदानं पुन्हा मोजलं. चुकलं असेल म्हणून.

दोनशे बारा.

शेवटची ओळ बघितली. वेळ आत्ताची होती.

"मालक... आत कोण हाय?"

"कोण ऱ्हाईल? धुऊन कुलूप घातलंय." हणमंतराव बोटं चाटत होता.

दोनशे तेरा.

दयानंदानं दाराकडं पाहिलं. आवाज नाही. भोंग्याला वायरच नव्हती...

दोनशे चौदा...

तो उठला. फायलीचं नाव परत बदललं नाही. तसाच बाहेर पळाला.

फाटकापाशी शिवगंगा पुन्हा उभी राहिली. "सायेब...?"

आत्ता तरी सांगायचं होतं. पोलीस यायला अजून अख्खी रात्र बाकी होती.

"झोपेतच," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

हणमंतरावाची किळस येते तेवढीच मला या माझ्या नात्यातल्या पोराचीही येते. बिनदिक्कत सांगतो.

त्या रात्री नांदेडला त्याच्या गल्लीत लाईट नव्हती. सकाळी त्याची बायको आरती दूध घ्यायला दारात गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, रात्री कोण आलं होतं? बेलला काय फासलंय हे?"

बेलच्या बटणावर केळीचा चीक होता. थरावर थर, वाळून काळा पडलेला. मधोमध अंगठ्याएवढा खळगा.

"बेल... वाजली होती का?"

"लाईट कुठं होती रात्रभर? वाजंल कशी?"

दयानंदानं रॉकेलनं घासलं, मग बटणच बदललं. फायलीचं नाव बदललं, तसंच. पोलीस मशीन पाहून रिकाम्या हातानं गेले. शिवगंगेला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

दिवाळीत मी त्याच्याकडं गेलो होतो. बटण नवं, पांढरं. त्यावर काळा डाग. हात लावून पाहिला... ओला होता.

मी बेल दाबली नाही. कडी वाजवली.