सूर्याआडची थरथर

दिवाळी होऊन गेली की नागपूरचं ऊन माणसात येतं. हुडकेश्वरला लांजेवारांच्या गच्चीवर ते सकाळी पसरलं, की चंद्रभान लांजेवार कठड्याला धरून वर येत आणि पाठ भिंतीला लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसत. हिंगण्याच्या कारखान्यात लेथवर सारी उमर काढलेला माणूस. आता उजवा हात कंपवातानं थरथरायचा, जागेपणी क्षणभरही थांबायचा नाही. मनगटात तांब्याचं कडं होतं, गुण येतो असं कुणी सांगितलं म्हणून घातलेलं. त्या हातानं स्टीलचा गिलास धरला की कडं त्यावर वाजे. टण् टण् टण्, मग जरा दम घेऊन आणखी एक टण्. घरात हा आवाज सगळ्यांच्या इतका सवयीचा झाला होता, की तो थांबला तरच कुणाचं लक्ष गेलं असतं.

मिनल त्यांची एकुलती एक मुलगी. भौतिकशास्त्रात पीएचडी करत होती. वडिलांचं दुखणं वाढल्यावर ती बंगळूरूहून घरी आली आणि गच्चीला लागून असलेल्या जिन्यावरच्या खोलीत टेबल टाकून काम करू लागली. दिवसभर तिच्या कानांवर हेडफोन असत.

"काय ऐकून राहिली वं एवढं?" एकदा चंद्रभानांनी विचारलं.

"शिट्टी, बाबा. मंगळाभोवती एक यान फिरते. त्याचा रेडिओ सिग्नल. तो मी कानाले ऐकू येईल असा करून घेतला."

"मंग, काय म्हणते ते शिट्टी?"

"आता मंगळ सूर्याच्या मागं चालला. शिट्टी येते ते सूर्याच्या अगदी जवळून. सूर्याभोवती तापलेलं प्रभामंडळ असते ना, ग्रहणात दिसते ते? त्याच्यातून येताना शिट्टी थरथरते. त्या थरथरीवरून तिथं काय चालू आहे, त्याचा अंदाज काढतो आमी."

चंद्रभानांनी आपला उजवा हात पुढे केला. "घे मंग. याच्यावरून बी काढ अंदाज. डाक्टरले तं जमला नाही."

पंचफुलाबाई संत्री सोलत होत्या. त्या हसल्या, पण एका फोडीची शीर काढता काढता म्हणाल्या, "मले काही नको बापा. एक डाव फक्त याहीच्या हातचा चहा भेटला पायजे. न सांडता."

मंगळ सूर्याजवळ सरकत होता. शिट्टी सुरुवातीला सरळ होती, एका लांब श्वासात फुंकलेल्या बासरीसारखी. मग ती खरखरीत होऊ लागली. हे अपेक्षितच होतं. मिनलच्या प्रबंधाचा सगळा भार याच दिवसांवर होता. पुन्हा अशी वेळ यायला दोनेक वर्षं थांबावं लागलं असतं.

एका दुपारी हेडफोनमध्ये टण् टण् टण् ऐकू आलं. तिनं मान न वळवता आवाज दिला, "बाबा, गिलास ठेवा ना खाली."

टण् टण् चालूच राहिलं. तिनं दारातून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. खाली पंचफुलाबाई नवऱ्याला जेऊ घालत होत्या.

तिनं हेडफोन काढला, तार तपासली, पुन्हा लावला. नुसती खरखर होती. ती स्वतःशीच हसली. एकच आवाज महिनोन्‌महिने ऐकला की कानच तो तयार करतात, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं एक कान मोकळा ठेवला. एका कानात शिट्टी, दुसऱ्या कानात गच्चीवरचा गिलास. चंद्रभान पाणी पीत होते. कडं वाजलं की शिट्टी हले. कडं दम घेई तेव्हा शिट्टी सरळ होई. पुन्हा कडं, पुन्हा शिट्टी. मिनल किती वेळ ऐकत राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. लॅपटॉपचा माइक बंद होता, आणि सुरू असता तरी दक्षिणेतल्या मोठ्या अँटेनावरून येणाऱ्या त्या सिग्नलमध्ये हुडकेश्वरचा गिलास शिरायचं काही कारण नव्हतं. शिवाय सूर्याजवळ थरथरलेली ती लहर पृथ्वीवर पोचायला आठेक मिनिटं लागत. म्हणजे तिकडची थरथर आधीची होती. हात नंतर हलत होता.

तिनं आपल्या मार्गदर्शकांना, मधुसूदन सरांना, फोन केला. सगळं सांगायचं धाडस झालं नाही. सिग्नलमध्ये एक ठरावीक ताल येतो आहे, एवढंच म्हणाली.

"प्रभामंडळाला ताल नसतो, मिनल," सर म्हणाले. "कुठल्या तरी उपकरणाचा असेल. गाळून टाक. डेटा स्वच्छ पाहिजे."

तिनं गाळला नाही. उद्या बघू, म्हणाली.

हाताचा कंप वाढतच गेला. चमचा तोंडापर्यंत जाईना. थरथर खांद्यापर्यंत चढली, मग मानेत आली. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. तरीही चंद्रभान गच्चीवर येण्याचा हट्ट सोडत नव्हते, आणि खुर्ची भिंतीपासून ओढून सूर्याकडे तोंड करून बसू लागले होते.

"मिने," ते एका सकाळी म्हणाले. डोळे मिटलेले होते. "हा हात माहा नाही राहिला वं."

"असं काहून म्हणता?"

"मी नाही हलवून राहिलो. तिकडून कोणी हलवून राहिलं. अन् धरून ओढून राहिलं."

तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तिच्या मुठीत तो अडकलेल्या पाखरासारखा धडपडत होता. खोलीत टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून बारीक खरखर ऐकू येत होती.

"गोळी घेतली काय सकाळची?" तिनं विचारलं.

त्या दुपारी मंगळ सूर्याच्या बिंबाआड गेला. शिट्टी फाटली, आणि बंद झाली. आता एकदोन दिवस काही येणार नव्हतं. तिनं हेडफोन काढून ठेवला आणि तशीच टेबलावर डोकं टेकून पडली.

सकाळी तिला जाग आली ती शांततेनं.

ती धावत खाली गेली. स्वयंपाकघरात चंद्रभान ओट्याशी उभे होते. हातात पातेलं होतं. ते तीन कपांत चहा ओतत होते. धार सरळ पडत होती, एक थेंबही बाहेर नव्हता. पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"मला आता बरं वाटतं आहे," चंद्रभान म्हणाले.

डॉक्टर खूश झाले. नवी गोळी लागू पडली म्हणाले, अशा केसेस क्वचित होतात म्हणाले. शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. पंचफुलाबाईंनी वांग्याचं भरीत केलं, ज्वारीच्या भाकरी केल्या. चंद्रभानांनी नीट बसून, घास न सांडता खाल्लं. नेहमीसारखी हिरवी मिरची मागितली नाही. जेवण झाल्यावर बायकोला सुईत दोरा ओवून दिला.

मिनलही खूश होती. तिनं तसं स्वतःला दोनतीनदा सांगितलं. पण तिच्या कानाला काहीतरी टोचत होतं, आणि ते काय हे तिला संध्याकाळी उमगलं. कुहीच्या मातीत जन्मलेल्या, अधिकाऱ्यांशीही 'मले-तुले' करत बोललेल्या तिच्या बापानं दिवसभरात एकदाही 'मले' म्हटलं नव्हतं. ते 'मला' म्हणत होते. 'करून राहिलो' नाही, 'करतो आहे.' रेडिओवरच्या बातम्यांसारखं, स्वच्छ.

"आई, बाबा कसे बोलून राहिले?"

पंचफुलाबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "चांगलं बोलून राहिले. तुले काय तरास?"

मिनलनं वडिलांना कुहीच्या शेताचं विचारलं, आजोबांचं विचारलं, कारखान्यातल्या दोस्तांचं विचारलं. प्रत्येक उत्तर बरोबर आलं. नावं, गावं, कोण कधी वारलं, सगळं. फक्त सांगताना ते कुठे अडखळले नाहीत, कुठे हसले नाहीत.

"कडं काहून काढलं, बाबा?"

"ते मला बसत नाही," ते म्हणाले.

तिनं त्यांचं मनगट पाहिलं. होतं तेवढंच होतं.

मंगळ दुसऱ्या बाजूनं बाहेर यायची वेळ झाली. ऊन चढलं होतं. मिनल टेबलाशी बसली, हेडफोन लावला. बराच वेळ काही नव्हतं. मग खरखर आली. खरखरीतून शिट्टी वर आली, वेडीवाकडी.

टण् टण् टण्.

तिनं हेडफोन कानांवर दाबला.

टण्.

ती दारात आली. चंद्रभान खुर्चीत होते, सूर्याकडे तोंड करून. डोळे उघडे होते. पापणी लवत नव्हती. उन्हात बसूनही पाठीवरचा शर्ट कोरडाच होता.

उजव्या हातात पाण्याचा गिलास होता. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

तिच्या कानांत कडं वाजत होतं. घाईघाईनं, पुन्हा पुन्हा, दम न घेता. कुणीतरी दार ठोठावावं तसं.

"काय ऐकू येतं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही."

"कमी होईल," ते म्हणाले. "हळूहळू."

तिच्याकडे ऐकायची सोय होती. उत्तर पाठवायची नव्हती. तरी तिनं टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं, तोच ताल, मोठ्यानं, बोटं दुखेपर्यंत. मग तोंडाजवळ हात धरून बाबा, बाबा म्हणाली. हेडफोनमधला ताल तसाच चालू राहिला. तिकडे काही ऐकू गेलं नव्हतं.

मंगळ सूर्यापासून दूर जात होता. शिट्टी रोज थोडी सरळ होत होती. जशी व्हायला हवी तशीच. मधुसूदन सरांचा फोन आला. डेटा आता फार सुरेख येतो आहे, म्हणाले. तिनं हो म्हटलं. रोज ती आवाज आणखी एका खुणेनं वाढवे आणि कान दाबून ऐके. टण् टण् टण्. मग नुसतं टण् टण्. मग ते होतं की आपल्याला वाटतं, हेही सांगता येईना.

एका सकाळी शिट्टी पूर्ण सरळ आली. एका लांब श्वासासारखी.

मिनलनं हेडफोन काढून ठेवला. मग तिनं ठरवलं, आईला सांगायचं. वेडी म्हणाली तरी चालेल. हे एकटीनं धरून ठेवणं तिला आता झेपत नव्हतं. रडून घ्यायचं असेल, तर दोघींनी मिळून रडावं.

ती जिना उतरू लागली. मधल्या वळणावर तिला स्वयंपाकघरातला बोलण्याचा आवाज आला आणि तिचे पाय थांबले.

"'मला' नाही," आई म्हणत होती. हळू, समजावून, न थकता. "मले. तसं म्हणत होते ते. म्हणा."

बशीत कप ठेवल्याचा आवाज.

"मले," तो म्हणाला.

"हाव," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आता जरा हसून म्हणा."