माझ्याच हातून सांडलं

"काल कॅमेऱ्यासमोर सगळं सांगून टाकलं," नवरा मान खाली घालून म्हणाला, "त्या उकळत्या पाण्याचंसुद्धा…"

बायकोने हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघितलं. एकेकाळी ह्याच्या मालिका बघितल्याशिवाय लोक जेवत नव्हते. मग ह्याचंच दारूशिवाय पान हलेना, आणि काम, मान, मित्र, एकेक करून सगळं गेलं. आता तीन वर्षं थेंबाला शिवला नव्हता, व्यसनावर माहितीपट काढत होता, आणि ह्या शहाण्याने त्यात स्वतःलाच आणून बसवलं होतं!

"अहो, पण फिल्म आपली लेकच एडिट करतेय ना?"

"सकाळीच पाठवलं तिच्याकडे. तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती."

लेक चार वर्षांची असताना ह्याच्या प्यायलेल्या हातांतून पातेलं निसटलं आणि पोरीचा खांदा भाजला. दुसऱ्या दिवशी नवी मालिका सुरू व्हायची होती, बोभाटा झाला असता तर सगळंच बुडालं असतं… "माझ्याच हातून सांडलं," असं हिने डॉक्टरांना सांगितलं, सासूला सांगितलं, आणि पोर विचारू लागली तेव्हा तिलाही सांगितलं. सासूने शेवटपर्यंत टोचून खाल्लं. बापाचं पिणं लेकीने केव्हाच माफ केलं, पण आईला मात्र चार हात लांब ठेवलं. हिने तेही गिळलं, कारण निदान बाप तरी तिच्या मनात शाबूत होता. आता लेकीने त्याच्याकडे पाठ फिरवली तर हा पुन्हा बाटलीकडे वळणार… त्या एकाच धास्तीने ती चपला सरकवून निघाली.

एडिटिंगच्या खोलीत लेक एकटीच बसली होती. पडद्यावर बापाचा चेहरा थांबवलेला होता.

"तेवढं काढून टाक गं," आई दारातूनच म्हणाली. "बाबांवर रागावू नकोस. मोठ्या मुश्किलीने सावरलेत ते."

"रागावणार आहे. पण सोडणार नाही त्यांना, घाबरू नकोस." लेकीचा आवाज फाटला. "मी तुझ्याशी कशी वागले, आई… आणि तू मला वागू दिलंस?"

जणू गुन्हा हिचाच होता, अशी आई भिंतीला टेकून उभी राहिली. लेकीने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या पायाशी बसली.

"इतकी वर्षं तुला दुखलं नाही का गं?"

हे तिला कोणी म्हणजे कोणीच विचारलं नव्हतं. 'छे गं, त्यात काय' म्हणायला तिने तोंड उघडलं, सवयच ती, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"दुखलं," ती म्हणाली. "फार दुखलं गं." आणि लेकीच्या डोक्यावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.